माणसं वाढली, बोलणारी घटली

तैवानमधल्या हाक्का लोकांविषयीचे, म्हणजे दक्षिण चीनमधून तिथे येऊन वसलेल्या आणि स्वतःची वेगळी भाषा असलेल्या समाजाविषयीचे, दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की डोकं चक्रावतं. सरकारी पाहणीनुसार २०१६ मध्ये तिथे सुमारे ४५ लाख ३७ हजार हाक्का होते. २०२१ मध्ये ते ४६ लाख ६९ हजार झाले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येचा जवळजवळ पाचवा हिस्सा. याच दोन पाहण्यांत हाक्का भाषा नीट बोलता येते असं सांगणाऱ्यांचं प्रमाण मात्र ४६.८ टक्क्यांवरून ३८.३ टक्क्यांवर घसरलं. या पाच वर्षांत कुणी भाषेवर बंदी घातली नाही. उलट या भाषेला इतका पैसा, इतका मान आणि सरकारदरबारी इतकी जागा याआधी कधीच मिळाली नव्हती. स्वतंत्र मंत्रालय आहे, चोवीस तासांची वाहिनी आहे, विद्यापीठात हाक्का अभ्यासाचं महाविद्यालय आहे. आणि माणसं वाढत असताना बोलणारे घटतायत.

हे कसं शक्य आहे, याचं अर्धं उत्तर कायद्यातच सापडतं. २०१० च्या हाक्का मूलभूत कायद्यानं हाक्का कोणाला म्हणायचं ते सांगितलं आहे: ज्याचा वंश हाक्का आहे किंवा ज्याचा हाक्कांशी मुळातला संबंध आहे, आणि जो स्वतःला हाक्का मानतो, तो हाक्का. भाषा येते का, हा प्रश्न व्याख्येत नाही. यात चूक काढायचं कारण नाही. ज्यांच्या तोंडून भाषा काढून घेतली गेली, त्यांनाच पुन्हा 'बोलता येत नाही तर तू आमचा नाहीस' असं म्हणणं हा दुहेरी अन्याय झाला असता. पण या उदारपणाची किंमत आहे. हाक्का असणं आणि हाक्का बोलणं यांची फारकत झाली, आणि सरकारला पहिली गोष्ट वाढवणं दुसरीपेक्षा कितीतरी सोपं गेलं.

भाषा काढून घेतली गेली ती मुख्यतः शाळेत. दुसऱ्या महायुद्धानंतर कुओमिंतांग या चिनी राष्ट्रवादी पक्षाचं राज्य आलं आणि मॅन्डरिन ही 'राष्ट्रभाषा' झाली. १९४९ ते १९८७ असा तब्बल अडतीस वर्षांचा लष्करी कायदा. त्या काळात शिकलेल्यांच्या आठवणींत एक पाटी हटकून येते. वर्गात कुणी होक्लो (तैवानमधल्या सगळ्यात मोठ्या समाजाची भाषा), हाक्का किंवा आदिवासी भाषेत बोलताना सापडला की त्याच्या गळ्यात ती अडकवायची, 'मी बोलीभाषा बोलणार नाही' असं काहीतरी लिहिलेली. पाटी गळ्यातून काढायची असेल तर दुसरा कुणीतरी बोलताना पकडून द्यायचा. म्हणजे शिक्षा करायला मास्तरांची गरजच नाही, पोरंच एकमेकांवर पाळत ठेवणार. कुठे दंडाचे पैसे, कुठे छडी. १९७६ च्या नभोवाणी-दूरचित्रवाणी कायद्यात तर लिहूनच ठेवलं होतं की बोलीभाषांतले कार्यक्रम दरवर्षी कमी करत न्यायचे. होक्लोंची संख्या मोठी, त्यामुळे बाजारात, देवळात, भांडणात त्यांची भाषा टिकून राहिली. हाक्का माणूस ताइपेला आला की त्याला दोन भाषांपुढे मान तुकवावी लागायची, कचेरीत मॅन्डरिन आणि रस्त्यावर होक्लो. शहरातल्या हाक्कांना तिथे 'अदृश्य माणसं' म्हणत ते यामुळेच. शेजाऱ्याला वीस वर्षांत कळत नसे की हा हाक्का आहे.

मग २८ डिसेंबर १९८८ चा मोर्चा. ताइपेच्या रस्त्यांवर हजारो हाक्का उतरले, मागणी एकच: 'आमची मातृभाषा परत द्या.' चिनी प्रजासत्ताकाचे राष्ट्रपिता सुन यत-सेन यांना हाक्का लोक आपलाच माणूस मानतात. मोर्चात त्यांच्या चित्राच्या तोंडावर मास्क बांधला होता. राष्ट्रपित्यालाच स्वतःच्या भाषेत बोलायला बंदी, हे सांगायला भाषण लागत नाही. त्या मोर्चातून आधी दूरचित्रवाणीवर आठवड्याला अर्धा तास पदरात पडला. १९९३ मध्ये बोलीभाषांतले कार्यक्रम कमी करायला सांगणारं ते १९७६ च्या कायद्यातलं कलम गेलं. १४ जून २००१ ला मंत्रिमंडळाच्या दर्जाची हाक्का परिषद, म्हणजे वर म्हटलेलं मंत्रालय, स्थापन झाली, १ जुलै २००३ ला हाक्का वाहिनी सुरू झाली. २०१८ च्या दुरुस्तीनं हाक्का 'राष्ट्रीय भाषांपैकी एक' ठरली. आता २८ डिसेंबर हाच राष्ट्रीय हाक्का दिवस आहे. चळवळीनं मागितलं आणि मिळवलं, याची इतकी स्वच्छ उदाहरणं जगात फार नाहीत.

या परिषदेच्या प्रमुखपदी आजवर वेगवेगळ्या मुशीतली माणसं आली. पहिले फान क्वांग-चुन वकील होते. येह चू-लान यांचे पती चंग नान-जुंग यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी १९८९ मध्ये आत्मदहन केलं होतं, त्या दुःखातून त्या राजकारणात उतरल्या होत्या. ली युंग-त पत्रकार. आणि २०१४ मध्ये आले लिऊ छिंग-चुंग, पिंगतुंगच्या राष्ट्रीय शिक्षणशास्त्र विद्यापीठाचे माजी कुलगुरू. शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचा प्रमुख भाषा वाचवणाऱ्या खात्याचा प्रमुख झाला. पिंगतुंग हा तैवानच्या दक्षिणेतला जिल्हा, हाक्कांचा लिऊतुई पट्टा मुख्यतः तिथलाच. १७२१ च्या बंडाच्या वेळी तिथल्या हाक्का गावांनी सहा तुकड्यांचं संरक्षक दल उभारलं होतं, त्यावरून हे नाव, 'सहा तुकड्या'. त्या गावांतली मुलं ज्या शाळांत मॅन्डरिन शिकली, त्या शाळांचे शिक्षक अशाच अध्यापक विद्यालयांतून तयार होऊन आले होते. मला या नेमणुकीत लिऊ या व्यक्तीपेक्षा हा योग जास्त विचार करायला लावतो. ज्या पेशानं भाषा मोडली, त्याच पेशातल्या माणसाला ती सांधायला बसवलं.

सहज वाटतं की शिक्षक म्हणजे योग्यच निवड. भाषा पोरांना शिकवायची आहे ना, मग शिक्षकच हवा. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. शिक्षक-मंत्र्याला सगळ्यात मोठा विरोध अर्थखात्याचा नसतो, तो त्याच्या स्वतःच्या पेशाच्या सवयींचा असतो. शिक्षकाला कुठलीही गोष्ट हाती दिली की तो तिचा आधी विषय करतो. विषय झाला की अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक, तासिका, परीक्षा, प्रमाणपत्र. आणि भाषा विषय झाली की तिचं संस्कृत व्हायला वेळ लागत नाही. आपण आठवी ते दहावी शंभरपैकी नव्वद गुण देणारं संस्कृत शिकलो. किती जणांना त्यात 'पंखा जरा हळू कर' म्हणता येतं?

तैवानचंच पाहा. २००१ पासून प्राथमिक शाळेत आठवड्याला एक तास स्थानिक भाषेचा. तास चाळीस मिनिटांचा. शाळेचे आठवडे चाळीस धरले तर वर्षाला सव्वीस-सत्तावीस तास, म्हणजे एका दिवसाहून थोडं जास्त. उरलेला सगळा वेळ मॅन्डरिन. २०२२ पासून हा तास माध्यमिक शाळेतही सक्तीचा झाला. ठीक आहे. पण ज्या शाळेनं दिवसभर, वर्षानुवर्षं, गळ्यात पाटी अडकवून एक भाषा पुसली, ती आता आठवड्याला चाळीस मिनिटांत परत करू म्हणते. हा व्यवहार सावकारालाही मान्य होणार नाही.

त्यात शिकवायचं कोणतं हाक्का? तैवानमध्ये पाच मुख्य ढंग आहेत. सिश्येन आणि हायलू मोठे, मग दापू, राओपिंग आणि चाओ-आन. सिश्येन आणि हायलूमध्ये स्वरांचे चढउतार इतके वेगळे की एकाचा वर जाणारा सूर दुसऱ्याचा खाली येतो. साधं 'धन्यवाद' सुद्धा एकीकडे 'आन झी से' आणि दुसरीकडे 'सिन मुंग' या धर्तीचं. त्यामुळे पुस्तकं ढंगागणिक वेगळी. हे चांगलंच केलं, एकच 'प्रमाण' ठोकून बसवलं नाही. पण घरी हायलू बोलणाऱ्या पोराला शाळेत सिश्येनचे शिक्षक मिळाले, तर आजीचा शब्द आणि पुस्तकाचा शब्द जुळत नाही, आणि अशा वेळी पोर दोन्हींपेक्षा मॅन्डरिन पसंत करतं. शिक्षकही बहुतेक ठिकाणी तासावर पैसे घेणारे, आज या शाळेत, उद्या त्या शाळेत. आपल्याकडे 'तासिका तत्त्वावर' काम करणाऱ्यांना हे वर्णन समजावून सांगायची गरज नाही. ज्या माणसाला मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत खुर्ची देत नाहीत, त्याच्या भाषेला पोरं किती किंमत देणार?

२००५ पासून हाक्का भाषेची प्रमाणपत्र परीक्षा आहे. तिचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, नोकरीत, शाळेत तिला भाव आहे आणि भाव असणं वाईट नाही. पण परीक्षेला बसलेल्या पोरांचा आकडा अहवालात छान दिसतो आणि परीक्षेनंतर ती पोरं काय बोलतात, ते अहवालात येत नाही. वर २०१८ च्या अखेरीस 'द्विभाषिक देश २०३०' हे धोरण आलं. द्विभाषिक म्हणजे मॅन्डरिन आणि हाक्का नव्हे, मॅन्डरिन आणि इंग्रजी. एकाच सरकारनं एका हातानं हाक्काला राष्ट्रीय भाषा केलं आणि दुसऱ्या हातानं पालकांना सांगितलं की पोराचं भलं इंग्रजीत आहे. शाळेचा दिवस काही रबराचा नसतो. पालकांनी काय निवडलं असेल, हे कुठल्याही मराठी आईबापाला विचारा.

आता फुलांकडे येतो, कारण हाक्का संस्कृती म्हटलं की तैवानमध्ये पहिली आठवतात ती फुलंच. २००२ मध्ये परिषदेनं तुंग फुलांचा उत्सव सुरू केला. एप्रिल-मेमध्ये हाक्का वस्तीच्या मिआओली जिल्ह्यातल्या डोंगरांवर तुंगची पांढरी फुलं झाडाखाली सडा घालतात, लोक त्याला 'मे महिन्यातलं बर्फ' म्हणतात. टीकाकार म्हणतात, हे झाड हाक्का परंपरेत कुठे होतं? जपानी राजवटीत तेलासाठी ते मोठ्या प्रमाणात लावलं गेलं, गाणी-देवळं-लग्नं यांत त्याचं स्थान नाही. खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. डोंगरातल्या हाक्का कुटुंबांनी तुंगच्या बिया गोळा करून विकल्या आणि त्यावर चूल पेटवली. मेइनोंगच्या कागदी छत्र्यांना पाणी लागू नये म्हणून हेच तेल चोपडतात. कष्टाच्या आठवणीला उत्सव लावला तर मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो मोठमोठ्या लाल-गुलाबी फुलांच्या छापील कापडाचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तैवानभर घरोघरी पांघरुणांना वापरलं जाणारं गिरणीचं कापड ते, आज दुकानात 'हाक्का कापड' म्हणून पिशव्या, चपला, छत्र्या होऊन टांगलेलं असतं. हाक्का बायकांचा खरा जुना पोशाख म्हणजे साधा निळा सदरा, नीळ घातलेला, शेतात मळला तरी दिसू नये असा. त्यावर फूल नाही. पर्यटकाला तो फोटोत चांगला दिसत नाही.

पेइपू गावातला 'लेइ छा', म्हणजे तीळ-शेंगदाणे आणि चहाची पानं मातीच्या भांड्यात लाकडी दांड्यानं घोटून केलेला चहा, आज तिथे प्रत्येक दुकानात पर्यटकांना स्वतः घोटायला देतात. पण हे पर्यटनातलं रूप नव्वदीच्या दशकाच्या अखेरीचं. ते चविष्ट लागतं, यात वाद नाही. फक्त घोटताना दुकानदार आणि गिऱ्हाईक मॅन्डरिनमध्ये बोलत असतात.

'हाक्का' हा शब्द आपल्याकडेही असाच आला, पदार्थ बनून. पुण्या-मुंबईत संध्याकाळी लागणाऱ्या चायनीज गाडीवरच्या फलकावर 'हक्का नूडल्स' असतंच, पण हे हक्का कोण, हे गाडीवाल्याला माहीत नसतं आणि आपणही विचारत नाही. ते कोलकात्याच्या टांगरातले चिनी, ग्वांगतुंगच्या मेइशियान भागातून आलेले, चामडं कमावण्याच्या धंद्यात शिरलेले. १९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतीयांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. पुढे कित्येक हाक्का कुटुंबं टोरांटोला निघून गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टांगरातल्या टॅनऱ्या हलवायला सांगितल्यावर उरलेल्यांचाही पाय निघाला. माणसं गेली, भाषा गेली, शिमला मिरची आणि सोया सॉस घालून परतलेल्या नूडल्सवर नाव तेवढं राहिलं. ज्या मेइशियानमधून ते आले, तिथल्या आजीला हा पदार्थ ओळखता येणार नाही. संस्कृतीचा प्रचार म्हणजे काय, हे ठरवताना मी हा फलक डोळ्यांपुढे ठेवतो.

उत्सवांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायलाच हवी. ज्या माणसानं तीस वर्षं ताइपेत आपण हाक्का असल्याचं लपवलं, तो आज नातवाला घेऊन फुलं पाहायला जातो आणि 'हे आपलं' म्हणतो. ही लहान गोष्ट नाही. सुरुवातीला मांडलेला वाढलेला आकडा यातून आला आहे. लाज गेली, हे या पंचवीस वर्षांचं मोठं यश. पण आपण धरून चालतो की लाज गेली की अभिमान येईल आणि अभिमान आला की भाषा आपसूक येईल. आकडे सांगतायत की हा शेवटचा दुवा जोडलेलाच नाही.

हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही. मी खानदेशातला, घरात अहिराणी. पहिलीत असताना तहान लागली म्हणून हात वर करून म्हणालो, 'गुर्जी, माले पानी पेवानं शे.' वर्ग हसला नाही, कारण सगळे तसंच बोलत. गुरुजी रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त 'मला पाणी प्यायचं आहे' हे तीनदा म्हणायला लावलं आणि मग जाऊ दिलं. गुरुजींच्या घरीही अहिराणीच होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की समजली: तहान एका भाषेत लागते आणि पाणी दुसऱ्या भाषेत मिळतं. आज माझा मुलगा स्वतःला अभिमानानं खानदेशी म्हणवतो, अहिराणी गाण्यांवर नाचतो, शेव-भाजीवरून पुण्याच्या मित्रांशी भांडतो. आजीचा फोन आला की मात्र दोन वाक्यांनंतर फोन माझ्या हातात देतो. तैवानच्या पाहणीत तो पहिल्या आकड्यात बसेल, दुसऱ्यात नाही. आणि त्याला हे करायला कुणी पाटी लावली नव्हती. मीच त्याच्याशी प्रमाण मराठीत बोललो, शाळेत सोपं जावं म्हणून.

म्हणून मला वाटतं, शिक्षक-मंत्र्याचं काम विषय वाढवण्याचं नाही, माध्यम बदलण्याचं आहे. न्यूझीलंडमध्ये माओरींनी १९८२ पासून 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. बालवाडीतलं खाणं, झोपणं, रडणं, शू लागणं, सगळं माओरीत, आणि सांभाळायला गावातले म्हातारे-म्हाताऱ्या. त्यांच्याकडे पदव्या नव्हत्या, भाषा होती. तैवानच्या लिऊतुई पट्ट्यातल्या बालवाड्यांतही अशा पूर्ण हाक्का वातावरणाचे वर्ग चालवून पाहिले गेले आहेत. शिक्षणशास्त्र कोळून प्यायलेल्या माणसाइतकं हे कुणाला चांगलं ठाऊक असणार, की तीन ते सहा वर्षांचं पोर भाषा शिकत नाही, ते भाषेत राहतं? मग असा माणूस त्या पदावर असेल, तर त्यानं आपलं राजकीय वजन खर्चावं ते इथे. २०१८ च्या दुरुस्तीनं अर्ध्याहून जास्त हाक्का वस्ती असलेल्या गावांत हाक्का ही मुख्य व्यवहारभाषा मानायची तरतूद केली आहे. हाक्का विकासासाठी खास निवडलेले ७० तालुके-नगरं आहेत. तिथल्या बालवाड्यांत पदवी नसलेल्या आज्यांना पूर्ण वेळेच्या पगारावर आत घेता येईल का, हा नियम बदलण्याचा प्रश्न आहे, आणि नियम बदलताना सगळ्यात आधी आडवे येतील ते प्रशिक्षित शिक्षकांचे संघ आणि शिक्षणखातं. म्हणजे त्याचेच जुने सहकारी. वकील किंवा पत्रकार मंत्र्याला हे लोक 'तुम्हाला शिक्षणातलं काय कळतं' म्हणून घरी पाठवतील. माजी कुलगुरूला तसं म्हणता येणार नाही. शिक्षक मंत्री होण्याचा खरा फायदा मला तरी हाच दिसतो.

यावर आक्षेप येतो की पालक तयार होणार नाहीत, घरात आई होक्लो असते, बाप शहरात असतो, मॅन्डरिन कच्ची राहील अशी भीती असते. भीती खरी आहे, पण पोरांची मॅन्डरिन कच्ची राहायला आज तैवानमध्ये वावच कुठे आहे? दुकान, मोबाईल, कार्टून, शेजारी, सगळं मॅन्डरिन. ज्या भाषेला आधार लागत नाही तिला शाळेनं दिवसभर आधार द्यायचा आणि जिला लागतो तिला चाळीस मिनिटं, ही वाटणी उलटी आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: सरकारनं लहान मुलांच्या तोंडी कुठली भाषा घालायची हे ठरवणं म्हणजे पुन्हा तोच जुना खेळ, फक्त पाटीवरचा मजकूर बदलला. हे मला मान्य आहे. म्हणून सक्ती नको, प्रवेश ऐच्छिक हवा आणि फी माफ हवी. निवडायला खरोखरीचा पर्याय समोर असेल तरच पालकांची निवड ही निवड.

हाक्कांमध्ये एक जुनी म्हण आहे, की पूर्वजांचं शेत विकावं लागलं तरी विकावं, पूर्वजांची वाणी विसरू नये. प्रत्येक हाक्का मंत्र्याच्या भाषणात ती येते, आणि पुष्कळदा भाषण मॅन्डरिनमध्ये असतं.

परिषदेची पुढची पाहणी होईल तेव्हा तीत मोठ्यांना 'तुम्हाला हाक्का किती येते' हे विचारतीलच. एक प्रश्न मला त्यात घालावासा वाटतो, सहा वर्षांखालच्या मुलांच्या घरी विचारायचा: काल तुमच्या पोरानं पाणी कोणत्या भाषेत मागितलं?